गाडीबदल : कार्ल्सरूहे शहर व भोवतालच्या प्रदेशाची वाहतूक

नैऋत्य जर्मनीत, ऱ्हाइन नदीच्या पूर्वेस थोड्या अंतरावर, कार्ल्सरूहे नावाचे शहर आहे. त्याची लोकवस्ती सुमारे तीन लाख, म्हणजे साधारणपणे महाराष्ट्रातील चंद्रपूरएवढी आहे. बाडेन-दुर्लाखचा अधिपती कार्ल विल्हेल्म याने १७१५ मध्ये हे शहर वसविले. राजवाडा मध्यभागी ठेवून त्यापासून बत्तीस मार्ग सूर्यकिरणांप्रमाणे चहूकडे आखण्यात आले. दक्षिणेकडील मार्गांवर वस्ती वाढली, उत्तरेकडील मार्ग वनराईत राहिले. त्यामुळे नकाशात हे शहर उघडलेल्या पंख्यासारखे दिसते. सायकलीचा पूर्वज असलेले पायाने ढकलावयाचे दुचाकी यंत्र १८१७ मध्ये तयार करणारा कार्ल ड्राइस हा येथील रहिवासी. मोटारगाडीचा एक जनक कार्ल बेन्झ याचा जन्मही १८४४ मध्ये याच परिसरातील. विद्युत्चुंबकीय लहरींचे अस्तित्व हाइनरिख हर्ट्झ याने प्रयोगाने सिद्ध केले, तेही १८८६ ते १८८८ या काळात येथील तांत्रिक विद्यालयात.

तथापि १९९२ नंतर देशोदेशींचे वाहतूक-अभियंते कार्ल्सरूहेस येऊ लागले, ते यांपैकी कोणाच्या स्मारकाचे दर्शन घेण्यासाठी नव्हे. ते येत एक ट्रामगाडी पाहावयास. ही गाडी भर बाजारपेठेतून, पादचाऱ्यांच्या गर्दीतून वाट काढीत जात असे. शहराच्या कडेला आली की ती मुख्य रेल्वेच्या रुळांवर चढते आणि मालगाड्या व जलद गाड्या यांच्यामागोमाग वीसपंचवीस किलोमीटरवरील गावास पोहोचते. एवढ्या प्रवासात उतारूस आपल्या जागेवरून एकदाही उठावे लागत नाही. वरवर पाहता यात विशेष ते काय, असे वाटेल. परंतु उतारूने जागेवरून उठू नये एवढ्यासाठी विद्युत्, यंत्रशास्त्र आणि कायदा या तिन्ही क्षेत्रांतील अडचणी सोडवाव्या लागल्या. आणि त्या सुटल्या तेव्हा एका मध्यम शहराचा त्याच्या भोवतालच्या प्रदेशाशी असलेला संबंधच पालटला.

गाडीबदलाची किंमत

मनुष्य घरातून निघून कामाच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत जो वेळ जातो, त्याचे चार भाग पडतात : स्थानकापर्यंत चालणे, गाडीची वाट पाहणे, प्रत्यक्ष गाडीत बसणे आणि उतरल्यावर पुन्हा चालणे. रेल्वेचे अधिकारी यांतील तिसऱ्या भागाचा हिशेब फार काटेकोरपणे ठेवतात. उतारूस मात्र चारही भागांची बेरीज भोगावी लागते. शिवाय ही मिनिटे सारखी नसतात. खिडकीशी बसून गेलेली दहा मिनिटे आणि उघड्या फलाटावर पावसात उभे राहून काढलेली दहा मिनिटे घड्याळात सारखी, पण मनात सारखी नाहीत. उतारूंच्या निवडींचा अभ्यास करणाऱ्यांना सर्वत्र हेच आढळून आले आहे की, वाट पाहण्याचा काळ माणसाला प्रत्यक्षाहून बराच मोठा वाटतो.

गाडी बदलावी लागली की हा दुसरा भाग पुन्हा एकदा सोसावा लागतो. त्याचे गणित सोपे आहे. दर वीस मिनिटांनी एक गाडी सुटत असेल आणि उतारू वेळापत्रक न पाहता केव्हाही येऊन उभा राहत असेल, तर कधी गाडी समोर उभी असेल, कधी नुकतीच निघून गेलेली असेल. सरासरीने त्याला वीस मिनिटांचा निम्मा, म्हणजे दहा मिनिटांचा काळ थांबावे लागेल. पहिल्या गाडीला थोडा जरी उशीर झाला तरी दुसरी चुकण्याचा धोका निराळाच. म्हणून रोज ये-जा करणारा मनुष्य सरासरीकडे पाहत नाही. वाईटात वाईट किती उशीर होईल हे तो पाहतो आणि त्या हिशेबाने घरातून लवकर निघतो. परतताना शेवटची गाडी चुकली तर काय, हा प्रश्न ज्याने सोसला आहे त्यालाच त्याचे वजन कळते. ज्याच्याजवळ मोटार आहे तो अशा वेळी सरळ मोटार काढतो. ज्याच्याजवळ नाही तो शहरातील चांगली नोकरीच नाकारतो. पहिल्या प्रकारात रस्ते तुंबतात, दुसऱ्यात भोवतालची गावे मागे पडतात.

कार्ल्सरूहेची अडचण नेमकी अशीच होती. तेथील जुने रेल्वे स्थानक शहराच्या मध्याजवळ होते. पण रुळांवरील फाटके सारखी बंद राहत असल्याने शहराची दक्षिणेकडील वाढ अडली. म्हणून १९१३ मध्ये नवे मुख्य स्थानक सुमारे दोन किलोमीटर दक्षिणेस बांधण्यात आले. फाटकांचा त्रास गेला, परंतु त्याबरोबर रेल्वेही शहराच्या हृदयापासून दूर गेली. दुकाने, कचेऱ्या, शाळा सर्व कायझर मार्गावर आणि बाजारचौकात. गावाकडून येणारी गाडी थांबणार दोन किलोमीटर अलीकडे. तेथे उतरावयाचे, सामान सावरीत चौकात यावयाचे, ट्रामची वाट पाहावयाची आणि पुन्हा चढावयाचे. दोन किलोमीटर हे अंतर मोठे त्रासदायक आहे: चालावयास जास्त आणि गाडीने जावयास कमी. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी स्वस्त झाल्या, तसतसे गावकरी ह्या त्रासातून आपली सुटका करून घेऊ लागले. भोवतालच्या रेल्वेमार्गांवरील उतारू घटत गेले.

आल्ब दरीतील पहिला धडा

या प्रश्नाचे उत्तर एकदम सुचलेले नाही. कार्ल्सरूहेच्या दक्षिणेस आल्ब नावाच्या लहान नदीची दरी असून, तीतून ‘काळे अरण्य’ या डोंगराळ प्रदेशाच्या पायथ्याच्या हेरेनाल्ब गावाकडे एक छोटी रेल्वे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली होती. ती मीटरमापी होती, म्हणजे तिच्या दोन रुळांमधील अंतर एक मीटर होते. शहरातील ट्रामचे रूळ १४३५ मिलिमीटर अंतरावर, म्हणजे युरोपातील मुख्य रेल्वेच्याच प्रमाण मापाचे होते. १९५७ मध्ये शहराने या दरीतील रेल्वेसाठी स्वतंत्र कंपनी स्थापून तिचा कारभार हाती घेतला आणि पुढील काही वर्षांत टप्प्याटप्प्याने तिचे रूळ प्रमाणमापी करून ते ट्रामच्या रुळांना जोडले. आता दरीतील गाडी थेट बाजारचौकात येऊ लागली. मोडकळीस आलेल्या या मार्गावर उतारू परतले.

पुढचे पाऊल १९७९ मध्ये पडले. शहराच्या उत्तरेस नॉयरॉइट या गावाकडे जाणारा राष्ट्रीय रेल्वेचा एक मार्ग होता; त्यावर फक्त मालगाड्या धावत. त्या रुळांवर ट्रामची तार टांगून तेथे ट्राम चालू करण्यात आली. मालगाडी आणि ट्राम एकाच रुळावरून चालू शकतात, हे येथे सिद्ध झाले. परंतु येथे तार ट्रामचीच होती. खरी कसोटी होती ती राष्ट्रीय रेल्वेच्या विद्युत् तारेखाली जाण्याची. शहराच्या वाहतूक खात्याचे प्रमुख डीटर लुडविग यांनी हा विचार नेटाने पुढे रेटला. रेल्वे आणि ट्राम यांची खाती, नियम व अभियंते यांची जगे इतकी अलग होती की, प्रथम हा विचार अनेकांना वेडेपणाचा वाटला असल्यास नवल नाही.

दोन विजा, एक गाडी

ट्रामच्या तारेत ७५० व्होल्ट दाबाचा एकदिश प्रवाह असतो. तो एकाच दिशेने वाहतो. जर्मन रेल्वेच्या तारेत १५,००० व्होल्ट दाबाचा प्रत्यावर्ती प्रवाह असतो. तो आपली दिशा सतत पालटीत राहतो. हा फरक कोणाच्या लहरीने पडलेला नाही. शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. तीच शक्ती न्यावयाची असेल तर दाब वीसपट वाढविला की प्रवाह विसाव्या हिश्श्याने पुरतो. आणि तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तीच तार वापरली तर ती चारशेव्या हिश्श्यावर येते. म्हणून लांब पल्ल्याच्या रेल्वेस उच्च दाब हवा. भर बाजारपेठेत, घरांच्या सज्जांजवळून, १५,००० व्होल्टची तार नेणे मात्र धोक्याचे. तेथे कमी दाबच योग्य.

जर्मन रेल्वेच्या प्रवाहात आणखी एक वैचित्र्य आहे. घरातील विजेची आवर्तने सेकंदास ५० असतात, या प्रवाहाची त्याच्या तृतीयांश, म्हणजे १६⅔ ठेवण्यात आली. (आवर्तनांच्या एककास आज ‘हर्ट्झ’ म्हणतात, ज्याच्या नावावरून ते आले त्याने आपले मोठे कार्य याच शहरात केले, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.) विसाव्या शतकाच्या आरंभी प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणाऱ्या मोटारींत ५० आवर्तनांना फार ठिणग्या उडत, त्या टाळण्यासाठी हा आकडा खाली आणला गेला. ती अडचण आता उरलेली नाही, परंतु एकदा हजारो किलोमीटर तारा टांगल्या की त्या बदलणे सोपे नसते. त्याचा दंड ट्रामला भोगावा लागतो. दाब उतरविणारे जे रोहित्र, त्याचा लोखंडी गाभा आवर्तने कमी असतील तितका मोठा लागतो. म्हणजे हलक्या ट्रामगाडीच्या अंगावर जड रोहित्र लादणे क्रमप्राप्त झाले.

युक्ती अशी की, मूळ ट्रामच्या मोटारी व यंत्रणा तशाच ठेवावयाच्या आणि त्यांच्या पुढे एक जोडयंत्रणा बसवावयाची. रेल्वेच्या तारेखाली गाडी गेली की रोहित्र १५,००० व्होल्टचा दाब खाली उतरविते, नंतर एकदिशकारक त्या प्रवाहास एकदिश करतो आणि मोटारींना वाटते की आपण अजून बाजारातच आहो! दोन प्रकारच्या तारांची जेथे गाठ पडते तेथे मध्ये वीज नसलेला एक पट्टा ठेवलेला असतो. चालक मोटारींचा प्रवाह बंद करतो, गाडी आपल्या वेगाने तो पट्टा पार करते, पलीकडे कोणता दाब आहे हे गाडीतील उपकरण स्वतःच ओळखते आणि योग्य जोडणी करून देते. उतारूंच्या ध्यानातही हे येत नाही.

मुंबईकरांना ही कल्पना अनोळखी वाटू नये. तेथील उपनगरी रेल्वे १९२५ मध्ये १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर सुरू झाली आणि तिचे २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्ये व मध्य रेल्वेच्या मार्गांवर २०१६ पर्यंत पूर्ण झाले. रूपांतर चालू असताना मार्गाच्या एका भागात जुना प्रवाह आणि दुसऱ्यात नवा, अशी स्थिती कित्येक वर्षे होती. त्या काळात दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्याच लाखो उतारूंची ने-आण करीत होत्या. मुंबईत तो संक्रमणकाळचा उपाय होता, कार्ल्सरूहेत तीच कायमची व्यवस्था झाली.

चाक आणि रूळ

विजेचा प्रश्न मोठा दिसतो. पण तो सोडविण्यास अधिक चिकाटी लागली असे नाही. चाकाचा प्रश्न दिसावयास क्षुल्लक आणि प्रत्यक्षात अतिशय कुटिल होता.

रुळावरून गाडी घसरू नये म्हणून प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूस एक उंच कंगोरा असतो. रेल्वेच्या चाकाचा कंगोरा जाड व उंच असतो, कारण रुळाच्या आतील बाजूस त्याला मोकळी जागा मिळते. ट्रामचा रूळ रस्त्यात पुरलेला असतो. कंगोऱ्यासाठी त्यात एक अरुंद खाच तेवढी ठेवलेली असते. ती रुंद केली तर सायकलीचे चाक किंवा बायकांच्या उंच टाचेचा जोडा तीत अडकेल. तेव्हा ट्रामचा कंगोरा बारीक व आखूड हवा.

असा बारीक कंगोरा सरळ रेल्वेमार्गावर चालतो. अडचण येते ती सांध्यांवर, म्हणजे जेथे एक मार्ग दुसऱ्यास फुटतो तेथे. त्या ठिकाणी दोन रूळ परस्परांस छेदतात आणि छेदस्थानी रुळात खंड पडतो. त्या खंडावरून जाताना चाक भलत्या फटीत शिरू नये यासाठी पलीकडच्या रुळालगत एक रक्षक रूळ बसविलेला असतो. तो दुसऱ्या चाकाच्या कंगोऱ्याला मागून रेटून धरतो आणि अशा रीतीने दोन्ही चाकांची जोडी योग्य मार्गावर राहते. ट्रामचा कंगोरा बारीक असल्याने तो रक्षक रुळापर्यंत पोहोचतच नाही. मध्ये फट राहते आणि चाक छेदस्थानाच्या टोकावर आदळण्याचा धोका उत्पन्न होतो.

यावर काढलेला तोडगा मोठा मार्मिक आहे. चाकाची मागील बाजू पायरीसारखी घडविण्यात आली. कंगोऱ्याचा खालचा भाग बारीक. तो ट्रामच्या खाचेत सहज बसतो. त्याच्या वरचा, रस्त्याच्या पृष्ठभागाच्या वर राहणारा भाग मात्र जाड. रेल्वेच्या सांध्यांवर रक्षक रूळ थोडा उंच बसविला की तो या जाड भागाला लागतो आणि रक्षणाचे काम पूर्ववत होते. काही मिलिमीटरांच्या या पायरीवर पुढील सर्व योजना उभी आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

बाकीच्या जुळणीचे वर्णन थोडक्यात करता येईल. ट्रामगाडीची रुंदी २.६५ मीटर, रेल्वेच्या डब्याची त्याहून अधिक. त्यामुळे रेल्वेच्या फलाटाशी फट राहते, ती दाराखालून बाहेर येणाऱ्या पायरीने भरून काढतात. फलाटांची उंची ठिकठिकाणी निराळी असल्याने म्हाताऱ्याकोताऱ्यांना व चाकांच्या खुर्चीतील लोकांना त्रास होत असे. पुढे अनेक ठिकाणी फलाट ५५ सेंटिमीटर उंचीचे करून आणि त्यास अनुरूप गाड्या घेऊन हा दोष बराच कमी करण्यात आला.

सुरक्षिततेचा प्रश्न

रेल्वेचा डबा समोरून सुमारे १५० टनांचा दाब सोसेल इतका मजबूत असावा, असा युरोपातील दंडक. या गाड्यांची शक्ती ६० टनांच्या आसपास. मग अशी हलकी गाडी मालगाडीच्या मार्गावर सोडावयाची कशी? गाडी रेल्वेइतकी मजबूत केली तर ती इतकी जड होईल की शहरातील पूल, वळणे व चढ तिला झेपणार नाहीत. येथे अभियंत्यांनी प्रश्नच फिरवून मांडला. आघात सोसण्याची शक्ती कमी असेल तर आघात टाळण्याची शक्ती अधिक हवी.

ट्रामच्या चाकांमध्ये, रुळाच्या अगदी वर, विद्युत्चुंबक टांगलेले असतात. संकटसमयी त्यांत प्रवाह सोडला की ते रुळास घट्ट चिकटतात आणि चाकांच्या घर्षणाची मर्यादा ओलांडून गाडी थांबवितात. वेग v आणि वेग कमी होण्याचा दर a असेल, तर थांबण्यास लागणारे अंतर v² भागिले 2a एवढे असते. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदास २५ मीटर. साधारण रेल्वेगाडीचा वेग सेकंदागणिक सेकंदास एक मीटरने कमी होतो असे धरले तर अंतर ६२५ भागिले २, म्हणजे सुमारे ३१२ मीटर होते. चुंबकी गतिरोधकाने हा दर २.७ च्या आसपास जातो. तेव्हा अंतर सुमारे ११६ मीटर. चालकाला विचार करण्यास लागणारा वेळ यात धरलेला नाही, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. उभे असलेले उतारू अशा थांबण्याने कोलमडतात हे खरे. पण हा उपाय केवळ संकटाचा आहे. याच्या जोडीला रेल्वेची स्वयंचलित संकेतव्यवस्थाही गाडीत बसविण्यात आली. जर्मनीत ट्रामसाठी एक नियमावली आणि रेल्वेसाठी दुसरी. गाडी हद्द ओलांडते त्या क्षणी तिला लागू होणारा कायदाही बदलतो, आणि चालकाला दोन्हींची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते.

ब्रेट्टनचा मार्ग

२५ सप्टेंबर १९९२ रोजी पहिला मार्ग सुरू झाला, तो कार्ल्सरूहेच्या पूर्वेस असलेल्या ब्रेट्टन या गावाकडे. तेथे पूर्वी डिझेलच्या गाड्या अधूनमधून जात. ट्रामचे रूळ आणि रेल्वेचे रूळ यांना सांधणारा काही किलोमीटरांचा जोडमार्ग बांधावा लागला. उरलेला रेल्वेमार्ग होताच, त्यावर फक्त तार टाकावयाची होती. नवीन रेल्वे बांधण्याच्या मानाने हा खर्च किरकोळच. काही आठवड्यांतच या मार्गावरील उतारूंची संख्या पूर्वीच्या चौपटीच्या आसपास गेली.

हे सर्व श्रेय गाडीबदल टळल्याला देणे बरोबर होणार नाही. गाड्या वारंवार सुटू लागल्या, आणि थांबेही वाढले. थांबे वाढले की प्रवास लांबतो, असा सामान्य समज. तो येथे का खोटा ठरला हे पाहण्यासारखे आहे. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदास २० मीटर वेगाने चाललेली गाडी एका थांब्यासाठी थांबली तर वेग उतरविण्यात व पुन्हा चढविण्यात काही वेळ दवडते आणि फलाटावर उभी राहण्यात काही. जुनी डिझेल गाडी सेकंदास ०.४ मीटर दराने वेग चढविणारी आणि ०.५ दराने उतरविणारी असेल, तर चढविण्यात २५ व उतरविण्यात २० सेकंद वाया जातात. फलाटावर ४० सेकंद धरल्यास एकूण ८५. विजेची गाडी दोन्ही गोष्टी सेकंदास एक मीटर दराने करते आणि रुंद दारांमुळे २० सेकंदांत चढउतार आटोपते. तिचे एकूण नुकसान ४० सेकंदांचे. (हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.) याचा अर्थ, तेवढ्याच वेळात नवी गाडी दुप्पट थांबे घेऊ शकते. ब्रेट्टनच्या रहिवाशाला आता गावाबाहेरील एकुलत्या एक स्थानकापर्यंत चालावे लागेना; गाडी शाळेजवळ, वसाहतीजवळ थांबू लागली. प्रवासाच्या चार भागांपैकी पहिला व शेवटचा हे दोन्ही भाग अशा रीतीने आखूड झाले.

तिकिटांची व्यवस्था हाही याच साखळीतील एक दुवा. १९९४ मध्ये कार्ल्सरूहे व भोवतालचे जिल्हे यांनी मिळून वाहतूक-संघ स्थापन केला. ट्राम, बस आणि रेल्वे यांना एकच तिकीट चालू लागले. अशा संघाचा जगातील पहिला नमुना १९६५ मध्ये हाम्बुर्ग येथे घडला होता. गाडी कोणाची, रूळ कोणाचे आणि पैसा कोणाच्या पेटीत किती पडावयाचा, हा हिशेब कचेऱ्यांनी आपसात करावा; उतारूने तो का करावा?

पुढील काही वर्षांत हे जाळे चारी दिशांना पसरले. ऱ्हाइनपलीकडील व्योर्टपर्यंत, दक्षिणेस डोंगरातून फ्रॉइडेनश्टाटपर्यंत, पूर्वेस हाइलब्रोनपर्यंत गाड्या जाऊ लागल्या. हाइलब्रोन येथे तर ट्राम कित्येक दशकांपूर्वी बंद झालेली. २००१ पासून कार्ल्सरूहेची गाडीच तिच्या रस्त्यांतून फिरू लागली. इतका लांबचा प्रवास म्हणून काही गाड्यांत शौचकूपाची सोय करावी लागली, ही गोष्ट ट्रामगाडीच्या इतिहासात विरळाच.

यशाची अडचण

भोवतालच्या प्रदेशातून येणारे जवळजवळ सर्व मार्ग एकाच रस्त्यावर, कायझर मार्गावर, येऊन मिळत. हाच तर योजनेचा हेतू होता. पण त्यामुळे पादचाऱ्यांसाठी राखलेल्या त्या रस्त्यावर गाड्यांची अखंड रांग लागली. दोन जोडलेल्या गाड्यांची लांबी ७५ मीटर, आणि एकीमागोमाग दुसरी. रस्ता ओलांडू पाहणाऱ्यांसमोर पिवळी भिंत सरकत असल्यासारखे दृश्य दिसे. दुसरा दोष असा की, ज्या धाग्याने गावे बाजारचौकास बांधली त्याच धाग्याने उशीरही प्रवास करतो. दूरवर एखादी जलद गाडी रखडली की तिच्यामागील ट्राम रखडते, आणि तिची वेळ चुकली म्हणजे शहरातील इतर गाड्यांचा क्रम बिघडतो. उलट बाजारात एखादी मोटार रुळावर बंद पडली तर त्याचा धक्का डोंगरातील स्थानकापर्यंत जातो. गाडी बदलण्याची जागा ही जशी उतारूला अडचण, तशी ती उशिराला बांधही असते. तो बांध येथे फुटला होता.

गाड्या जमिनीखाली न्याव्यात, ही सूचना नागरिकांनी १९९६ च्या मतदानात फेटाळली. २००२ मध्ये सुधारलेली योजना पुन्हा मतास टाकली, तेव्हा ती संमत झाली. काम २०१० मध्ये सुरू होऊन डिसेंबर २०२१ मध्ये सात भुयारी स्थानकांसह बोगदा खुला झाला. संपूर्ण योजनेचा खर्च सुमारे दीड अब्ज यूरोंवर गेला. मूळ अंदाजाच्या तो दुपटीहून पुष्कळ अधिक होता. ज्या पद्धतीची सर्वांत मोठी ख्याती तिच्या स्वस्तपणाबद्दल, तिला शेवटी इतका महाग बोगदा घ्यावा लागला, ही टीका तेथे ऐकू येते आणि ती निराधार नाही. तथापि हेही खरे की, जवळजवळ तीस वर्षे रस्त्यावरूनच काम भागले आणि ज्या उतारूंसाठी बोगदा बांधावयाचा ते आधी जमा झाले. अनेक शहरांत याच्या उलट घडते: बोगदा आधी आणि उतारूंची प्रतीक्षा नंतर.

इतरत्र काय झाले

जर्मनीतील जारब्र्युकेन येथे १९९७ मध्ये अशीच गाडी सुरू झाली आणि ती सरहद्द ओलांडून फ्रान्समधील सारगमीनपर्यंत जाते. कासेल, फ्रान्समधील म्युलूझ, स्पेनमधील काडिझ यांनीही हा मार्ग धरला. इंग्लंडात शेफील्ड ते रॉदरहॅम ही गाडी ऑक्टोबर २०१८ मध्ये धावू लागली. पण ठरलेल्या मुदतीनंतर कित्येक वर्षांनी, आणि सुमारे दीड कोटी पौंडांचा अंदाज साडेसात कोटींवर गेल्यावर. २०२२ मध्ये कार्ल्सरूहे, जारब्र्युकेन आणि ऑस्ट्रियातील काही संस्था यांनी एकत्र येऊन ५०४ पर्यंत गाड्यांची एकच मागणी नोंदविली. प्रत्येक शहरासाठी मूठभर गाड्या निराळ्या घडविणे हा या पद्धतीचा मोठा खर्च असल्याने ही सूज्ञपणाची गोष्ट झाली.

भारतात ही गाडी जशीच्या तशी आणता येणार नाही. येथील मुख्य रेल्वे रुंदमापी आहे. तिच्या रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर. शहरांत अलीकडे बांधलेले बहुतेक मेट्रोमार्ग मात्र प्रमाणमापी, १४३५ मिलिमीटरचे. त्यामुळे मेट्रोची गाडी रेल्वेच्या रुळावर चढण्याची शक्यता बांधकामाच्या पहिल्याच दिवशी संपते. मुंबईतील ट्राम तर ३१ मार्च १९६४ रोजीच बंद झाली. परंतु कार्ल्सरूहेने जो प्रश्न सोडविला तो गाडीचा नव्हता, दोन किलोमीटरांच्या खंडाचा होता. आणि तो खंड भारतातील मध्यम शहरांत ठिकठिकाणी आढळतो. रेल्वे स्थानक एका टोकास, एस. टी.चे स्थानक दुसऱ्या टोकास, जिल्हा रुग्णालय तिसऱ्या बाजूस, आणि यांच्यामध्ये रिक्षाची घासाघीस. तालुक्याहून तपासणीसाठी आलेल्या वृद्धाचा निम्मा दिवस या खंडांतच जातो. बसचे मार्ग स्थानकाच्या दारापर्यंत आणणे, गाडी येण्याच्या व बस सुटण्याच्या वेळा जुळविणे, एकच तिकीट ठेवणे आणि गावाकडची बस शहराच्या वेशीवर न अडविता बाजारातून पलीकडच्या गावास नेणे, यांपैकी एकाही गोष्टीस रोहित्र लागत नाही, की चाकाचा कंगोरा पायरीसारखा घडवावा लागत नाही.